स्ट्राउडबाईंचा काढा

लार्कफील्डमध्ये औषधाचं दुकान माझं एकट्याचं. त्यामुळे गावात कुणाला खोकला झालाय, कुणाच्या पायाला इसब आहे आणि कुणाच्या बायकोला झोप लागत नाही, हे पाद्र्याच्या आधी मला कळतं. तोंड बंद ठेवणं हा माझा अर्धा धंदा, उरलेला अर्धा गोळ्या वळण्याचा. या प्रकरणात मी तोंड बंद ठेवलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं. हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी मला अक्कल शिकवायला नको.

आमच्या कॅन्ससमध्ये दारूबंदी होऊन तेव्हा पंचवीस वर्षं उलटून गेली होती. गुत्ते बंद, बाटल्या फुटलेल्या, सगळं राज्य धुतल्या तांदळासारखं. दारू मिळायची ती फक्त औषध म्हणून, आणि ती विकायची माझ्यासारख्या औषधवाल्यानं. त्यासाठी एक छापील वही असायची. गिऱ्हाइकानं त्यात शपथेवर लिहून द्यायचं: नाव, आजार, किती हवी. महिन्याच्या अखेरीला ते कागद कचेरीत न्यायाधीशांकडे जायचे, आणि तिथं ज्याला वाटेल त्यानं ते वाचावेत. माझ्या वहीवर विश्वास ठेवला तर लार्कफील्डच्या निम्म्या पुरुषांना बारमाही पोटदुखी होती आणि चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला तिची साथच यायची. मी कधी कुणाचं पोट दाबून बघितलं नाही.

हा परवाना मिळवायला गावातल्या पंचवीस प्रतिष्ठित बायकांच्या सह्या लागत. माझ्या अर्जावर पहिली सही लव्हिनिया स्ट्राउडबाईंची होती. त्यांची सही पहिली आली की बाकीच्या चोवीस आपोआप यायच्या, आणि ती नाही आली तर मला गाशा गुंडाळावा लागला असता.

स्ट्राउडबाई म्हणजे धान्याचं कोठार असलेल्या स्ट्राउडची बायको आणि आमच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र सगळ्या चर्चला पुरेल असा. छातीवर मंडळाची पांढरी फीत, हातात नेहमी कसला तरी अर्ज. त्या दिवसांत सगळ्यांनाच सगळं सुधारायचं होतं. आज रेल्वेवाल्यांची आमदारांवरची मेहेरबानी, उद्या कत्तलखान्यातलं मांस, परवा गिरणीत राबणारी पोरं. महिन्याच्या महिन्याला मासिकं यायची, त्यात कुणीतरी कुणाचं तरी बिंग फोडलेलं असायचं आणि आठवड्याभरात स्ट्राउडबाई सह्या गोळा करत दारात उभ्या. लोक चिडवायचे, हसायचे, आणि सही करायचे. मीही करायचो. खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंचसं आवश्यकच होतं.

त्यांना एकुलता एक मुलगा, ऑरिन. हसरा, हात सुताराचे, बापाच्या कोठारात काम करायचा. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचंही पोट दुखायला लागलं.

मंडळाच्या बायका दर महिन्याला कचेरीत जाऊन माझे कागद उतरवून आणायच्या आणि गुरुवारच्या बैठकीत नावं मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वाचायचं काम अध्यक्षांचं. त्या गुरुवारी यादी त्यांच्या हातात आली, तेव्हा ती त्यांनी आधी बघितली नव्हती. अकराव्या ओळीला ऑरिन स्ट्राउड, पोटदुखी, व्हिस्की एक बाटली. बायका सांगतात, त्या थांबल्या नाहीत. ज्या आवाजात दहा नावं वाचली त्याच आवाजात अकरावं वाचलं आणि पुढं गेल्या. घरी जाऊन त्यांनी ऑरिनला सांगितलं, की या घरात दारूचा वास चालणार नाही. सोडून ये, मग दार उघडं आहे.

ऑरिन त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला. चाळीस मैलांवर ब्रुनर जंक्शनला रेल्वेच्या डब्यांच्या शेडमध्ये सुतारकाम धरलं, असं कळलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही. दोन वर्षांनी स्ट्राउड वारले तेव्हा दफनाच्या दिवशी तो कुंपणाबाहेर उभा होता, टोपी हातात धरून. आत आला नाही. बाईंनी त्याला बघितलं, मीही बघितलं. पाद्र्याचं बोलणं संपेपर्यंत तो गेला होता.

मुलगा गेल्यापासून बाईंची झोप उडाली. डोळ्यांखाली काळं, हात गार. महिनाभरानं त्या दुकानात आल्या त्या मासिकातली एक जाहिरात कापून घेऊन. डॉक्टर ऑर्बिसनचा वनस्पतीजन्य शक्तिवर्धक काढा. बायकांचा अशक्तपणा, निद्रानाश, उदासी. लहान पेलाभर, दिवसातून चार वेळा.

"हा तुमच्याकडे असतो का हो, प्रुइट?"

"असतो."

"चांगला आहे?"

"लोक नेतात," मी म्हणालो.

आता हे नीट ऐका. त्या काढ्याचं बूच काढलं की माझ्यासारख्या माणसाला आत काय आहे ते कळायला कायद्याची गरज नव्हती. थोडी कडू मुळी, थोडी जळकी साखर आणि बाकी सरळसरळ दारू. गावातला कुठलाही पोटदुखीवाला एका घोटात ओळखला असता. स्ट्राउडबाईंना ओळखता येणं शक्य नव्हतं, कारण त्यांनी जन्मात थेंब चाखला नव्हता. आईनं नाही, आजीनं नाही. चर्चमध्येसुद्धा आमच्याकडे प्रसादाला द्राक्षाचा उकळलेला रस असतो. घोट घेतल्यावर छातीत ऊब येते, मन हलकं होतं, ते त्यांना मुळांचा गुण वाटला. खोटं बोलत नव्हत्या. आठवड्यानं येऊन त्यांनी माझे आभार मानले.

"पहिल्यांदा पाच तास झोपले," त्या म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो."

मी काय बोलणार होतो? तुम्ही दारू पिताय म्हणून सांगणार होतो, दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षांना? परवाना दर वर्षी नवा करावा लागे. मी बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि गप्प बसलो. पहिल्या वर्षी पंधरा दिवसांना एक बाटली जायची. स्ट्राउड गेल्यावर आठवड्याला दोन झाल्या. सहाव्या वर्षी दर सोमवारी सहा बाटल्यांची पेटी जायची, आणि पेटी न्यायला त्या स्वतः यायच्या.

दर सोमवारी एकच प्रश्न विचारायच्या. पेटी टेबलावर ठेवली, की हातमोजे चढवता चढवता, जणू सहज आठवलं असं दाखवत.

"ब्रुनरकडचं कुणी आलं होतं का?"

"आलं होतं. गार्ड आला होता खोकल्याचं औषध न्यायला."

"काही म्हणत होता?"

त्यांना विचारायचं असायचं, ऑरिन अजून पितो का. ते त्यांच्या तोंडून निघत नसे. एवढंच कळायला हवं होतं, की त्यानं सोडली. मग त्या धावत गेल्या असत्या. नाही सोडली तर जाता येत नव्हतं, तसा शब्दच देऊन बसल्या होत्या, मुलालाही आणि सगळ्या गावालाही. गार्डला विचारलं तर तो म्हणायचा, स्ट्राउड ना, एकलकोंडा आहे, कुणाशी बोलत नाही. ते मी त्यांना सांगायचो. "एकलकोंडा," त्या म्हणायच्या, आणि पेटी उचलून निघायच्या.

मग आला तो कायदा. वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडलेला. अन्नात काय मिसळलंय आणि औषधाच्या बाटलीत काय आहे ते लेबलावर छापलंच पाहिजे, अल्कोहोल असेल तर किती टक्के तेसुद्धा. स्ट्राउडबाईंनी त्यासाठी सहाशे चौदा सह्या जमवल्या. फेब्रुवारीच्या बर्फातून, घोडागाडीतून, शेताशेतांवर जाऊन. मला पक्कं आठवतं, निघायच्या आधी माझ्या शेगडीपाशी बसून त्यांनी आपला पेलाभर काढा घेतला होता. "आईबापांना कळलं पाहिजे हो पोराच्या तोंडात काय जातंय ते," त्या मला समजावून सांगत होत्या. मी शेगडीत कोळसे घालत बसलो.

कायदा झाला. माझ्या पोटात गोळा आला, आणि वहीत तेवढा एक खरा आजार कुणी लिहिला नाही.

जुना माल संपेपर्यंत जुन्या लेबलाला सूट होती. मी काय केलं, की वर्ष संपायच्या आत डॉक्टर ऑर्बिसनच्या जुन्या लेबलाच्या पेट्यांवर पेट्या मागवल्या आणि तळघरात रचल्या. वेळ मारून नेणं म्हणतात ते हेच. तोवर काहीतरी होईल असं वाटत होतं. बाई काढा सोडतील, ऑरिन येईल, मी मरेन. मे महिना आला तरी यातलं काहीच झालं नव्हतं, आणि एका सोमवारची पेटी गेल्यावर तळघरात पाचच बाटल्या उरल्या. नव्या लेबलाची पेटी आली होती, ती मी मागच्या फळीवर, एरंडेलाच्या मागे सरकवून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी स्ट्राउडबाई आल्या. बरोबर मिसेस हेटी क्रॅबिल, मंडळाच्या चिटणीस, हातात पेन्सिल आणि वही. क्रॅबिलबाई तिशीच्या, तरतरीत, चष्म्याआडून सगळीकडे नजर. मंडळानं ठरवलं होतं, की सरकार तपासणीला माणूस पाठवेल तेव्हा पाठवेल, तोवर गावातल्या दुकानाची तपासणी आपणच करायची.

"प्रुइट, राग मानू नका," स्ट्राउडबाई म्हणाल्या. "तुमच्यावर आमचा भरवसा आहेच. पण तुम्हाला सोडलं तर वाण्याला काय तोंडानं सांगायचं?"

"खुशाल बघा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

एकेक बाटली उचलायची, लेबल वाचायचं, क्रॅबिलबाईंनी टिपून घ्यायचं. दातदुखीच्या थेंबात कोकेन निघालं. तान्ह्यांच्या शांत झोपेच्या सरबतात अफू निघाली, तेव्हा स्ट्राउडबाई मटकन स्टुलावर बसल्या. "हे मी माझ्या ऑरिनला दिलंय," त्या म्हणाल्या. "दात येत होते तेव्हा. चमच्यानं." क्रॅबिलबाईंनी पेन्सिल थांबवली. बाई थोड्या वेळानं उठल्या आणि पुढच्या फळीकडे वळल्या. त्या बाईचं मला कौतुक वाटलं, आणि भीतीही.

"ही फळी राहू द्या, नुसतं एरंडेल आहे," मी म्हणालो.

अजून स्वतःला चपराक मारावीशी वाटते. मी बोललो नसतो तर कदाचित त्या दमून परत गेल्या असत्या. क्रॅबिलबाईंनी चष्मा सावरला, एरंडेलाच्या बाटल्या बाजूला केल्या आणि मागे हात घातला.

"अगंबाई, हा तर तुमचाच काढा! नवीन लेबल आलंय वाटतं. रंग किती छान." आणि मग वाचू लागल्या, "डॉक्टर ऑर्बिसनचा शक्तिवर्धक काढा. अल्कोहोल..."

थांबल्या.

"किती?" स्ट्राउडबाईंनी विचारलं. त्यांना वाटलं असणार, एखादा टक्का, औषध टिकावं म्हणून घालतात तसा.

"छापताना चूक झाली असेल," क्रॅबिलबाई म्हणाल्या.

"किती, हेटी?"

"अठरा टक्के."

स्ट्राउडबाईंनी बाटली हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्वतः वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना मला उत्तर देता येतं.

"बिअरमध्ये किती असतं हो, प्रुइट?"

"चार. फार तर पाच."

"आणि मी पेलाभर घेते. चार वेळा."

"अहो पण ते औषध आहे!" क्रॅबिलबाई कळवळून म्हणाल्या. "तुम्हाला काय ठाऊक होतं? मी हे टिपणारच नाही. ही बघा, मी वही मिटली."

"वही उघड," स्ट्राउडबाई म्हणाल्या. "आणि प्रुइट, तुमचीही काढा."

"कसली?"

"पोटदुखीवाल्यांची."

मी म्हणालो की काढ्याला ती लागत नाही, कंपनीचं तयार पेटंट औषध आहे, दारूच्या कायद्यात बसत नाही. त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या. शेवटी मी वही दिली. त्यांनी हातमोजा काढला आणि नाव लिहिलं, लव्हिनिया स्ट्राउड. किती हवी, या रकान्यात 'आजवर घेतली ती सगळी' असं लिहिलं. आजाराच्या रकान्यापाशी लेखणी थांबली.

"पोटदुखी लिहिते," त्या म्हणाल्या. "ऑरिननं तेच लिहिलं होतं ना?"

क्रॅबिलबाई रडायला लागल्या. मी शाईवर टिपकागद दाबला.

मी त्यांना इतकंच सांगितलं, की एकदम बंद करू नका. चमचाचमचा कमी करत न्या, नाहीतर शरीर हिसका देतं. साठीच्या बाईला ते सोसणार नाही.

"मी त्याला एका दिवसात सोडायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. उरलेल्या पाच बाटल्या तशाच राहिल्या.

गुरुवारच्या बैठकीचं मला क्रॅबिलबाईंनी सांगितलं. बाईंनी यादी वाचली आणि शेवटी स्वतःचं नाव वाचलं, आजारासकट. मग राजीनामा ठेवला. मंडळानं एकमतानं तो नाकारला. बायका म्हणाल्या, ते औषध होतं, तुमची फसवणूक झाली, दोष कंपनीचा. त्यातल्या निम्म्या जणींच्या घरात तोच काढा होता, ते मला माहीत, त्यांनाही आता माहीत झालं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याला लेबल लावायला सरकार लागलं. माझ्या मुलानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. त्याला मी घराबाहेर काढलं आणि मला तुम्ही खुर्चीवर बसवताय." पांढरी फीत टेबलावर ठेवली आणि बाहेर पडल्या. हे सांगतानाही क्रॅबिलबाई रडत होत्या. त्यांचं डोळ्यांतलं पाणी भारी स्वस्त, पण बाई मनानं चांगली.

शनिवारी सकाळी स्ट्राउडबाई माझ्या दारात. हातात पिशवी. तोंड राखेच्या रंगाचं, कपाळावर घाम, आणि हात असे थरथरत होते की पिशवीची कडी सारखी वाजत होती.

"मला ब्रुनरला जायचंय. तिकीट काढताना सुट्टे पैसे हातातून सांडतात. तुम्ही चला."

"अजून चार दिवस थांबा. जरा ताकद येऊ दे."

"सहा वर्षं थांबले ना."

"तो अजून पीत असला तर?"

"असला तर असू दे," त्या म्हणाल्या. "मला त्याला बघायचंय, प्रुइट. वास घ्यायला नाही चालले."

मी दाराला कुलूप लावलं. भर शनिवारी, बाजाराच्या दिवशी, हेही लिहून ठेवा कुणीतरी.

गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या. बाहेर गहू गुडघ्यापर्यंत आला होता. एक तास गेला. मग म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या बाटलीपासून."

"ऑरिनचा कागद मात्र तुम्ही कचेरीत पाठवलात."

"तसा कायदा होता."

"आणि माझ्या बाबतीत?"

"तुमच्या बाबतीत तोवर झाला नव्हता. तो तुम्हीच केलात."

त्यांनी माझ्याकडे इतकं रोखून बघितलं की मी टोपी नीट करायला लागलो. "मला तुमचा फार राग आलाय," त्या म्हणाल्या. "एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता. पुढच्या वर्षी तुमच्या परवान्यावर माझी सही नसेल."

"नसू दे," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यापुढे मोकळं वाटलं.

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. ऑरिनला काय सांगायचं ते लिहून आणलं होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. ओठ हलवत पाठ करत होत्या. वाटेत दोनदा खिडकी उघडून त्यांना उलटी झाली. मी रुमाल दिला.

ब्रुनरला शेडपाशी विचारलं तर एकानं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. जेवणाची सुट्टी होती. दार उघडंच होतं. आत एक खाट, एक शेगडी, लाकडाचा भुसा, आणि टेबलाशी ऑरिन मक्याचा पाव खात बसलेला. केस कपाळावरून मागे सरकले होते, खांदे रुंद झाले होते. तो उठला. आधी मला ओळखलं.

"प्रुइटकाका? कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही," मी म्हणालो आणि बाजूला झालो.

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. तो जागचा हलला नाही. चेहरा दगड. सहा वर्षांचं सगळं त्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यात आईसाठी जागा दिसत नव्हती.

"दार अजून बंद आहे म्हणून सांगायला आलीस, की सोडली का ते विचारायला?" तो म्हणाला.

बाईंनी कागद काढला, उघडला. वाचायला लागल्या, "ऑरिन, मी तुला..." आणि पुढचं वाचता येईना. कागद इतका हलत होता की अक्षरं दिसत नव्हती. दुसऱ्या हातानं मनगट धरलं तर दोन्ही हात हलायला लागले. कागद फडफडत राहिला.

ऑरिन त्या हातांकडे बघत होता. मग आईच्या कपाळावरच्या घामाकडे, मग ओठांकडे. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल पडलं. असं ओळखता येणारा माणूस पुस्तकं वाचून तयार होत नाही.

"कितवा दिवस?" त्यानं विचारलं.

बाईंनी मान वर केली.

"चौथा," त्या म्हणाल्या. "काढा होता रे. मला ठाऊक नव्हतं."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल, त्याला तेवढा हक्क होता. त्यानं तिच्या हातातून कागद घेतला, न वाचता घडी करून खिशात ठेवला, आणि तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

"तिसरा सगळ्यात वाईट असतो, तो गेला तुझा," तो म्हणाला. "हात अजून दोनतीन दिवस हलतील. अंगावरनं मुंग्या गेल्यासारखं वाटतंय?"

"वाटतंय."

"त्या नसतात. घाबरायचं नाही."

त्यानं शेगडीवरची कॉफी घेतली, दुसरा पेला शोधला, पुसला. पेला अर्धाच भरला, म्हणजे सांडणार नाही. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी कॉफी काठापर्यंत हिंदकळत होती, तेव्हा त्यानं खाली गुडघ्यावर बसून तिच्या हातांभोवती आपले हात धरले. ती एक घोट प्यायली.

"तुझी कधी सुटली?" तिनं विचारलं.

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोडली."

"चार वर्षं झाली! अरे, मग लिहिलं का नाहीस?"

"मी शेडमधला माणूस, तू अध्यक्ष. पत्रातून वास येत नाही, आई. तू मानलं नसतंस."

बाईंनी ते नाकारलं नाही.

"तुझ्या तिसऱ्या दिवशी तुझ्यापाशी कोण होतं?"

"कुणी नव्हतं," ऑरिन म्हणाला.

त्या बाईंना मी नवऱ्याच्या दफनाला बघितलंय, बर्फात सह्या गोळा करताना बघितलंय, त्या मंगळवारी माझ्या दुकानात बघितलंय. कधी डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. आता त्या रडल्या, तोंड उघडं टाकून, कसलीही लाज न ठेवता, आणि पोरानं त्यांचे हात सोडले नाहीत, कारण पेला अजून त्या हातांत होता.

बराच वेळ मी दारात उभा होतो. मग ऑरिनला माझी आठवण झाली.

"परतीची गाडी दोनला आहे, प्रुइटकाका. तुम्ही जा," तो म्हणाला. "हिला अजून आठवडा तरी लागेल. ती इथंच राहील."

मी टोपी घातली आणि स्टेशनकडे निघालो.